तरुण संघात थिऑलॉजी शिकवायची आहे? मुलांच्या तोंडी असलेल्या शब्दांपासून सुरुवात करा

उपासना संपल्यावर पाळकसाहेब बाजूला बोलावून म्हणतात, "यंदापासून तरुण संघातल्या लहान मुलांचा गट तुम्ही घ्या." आपण हो म्हणतो आणि घरी येईपर्यंत धास्ती भरते. मी कुठे सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेय? तेरा ते सतरा वयाची मुलं. त्यांनी त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव याबद्दल विचारलं, नरकाबद्दल विचारलं, तर काय सांगू? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी अकरा वर्षं हा गट घेतेय. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी कुठून आणि कसं जावं, ते माझ्या अनुभवातून सांगते.

थिऑलॉजी म्हणजे ईश्वरविज्ञान, देवाविषयीचा अभ्यास. हे नाव काढलं की जाडजूड पुस्तकं डोळ्यांपुढे येतात. पण तुमच्या गटातली मुलं दर रविवारी उभी राहून प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात कबुली, म्हणतात. शेवटी पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात, त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघेही येतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मुलांना लहानपणापासून येतात. म्हणजे थिऑलॉजी मुलांना अक्षरशः तोंडपाठ आहे, पण म्हणता म्हणता एखाद्या शब्दापाशी थांबायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते थांबायला लावणं हेच तुमचं काम. माझी सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

सुरू करण्याआधी

पाळकांशी बसून ठरवा की काय शिकवणार आणि कुठल्या प्रश्नासाठी मुलांना त्यांच्याकडे पाठवणार. पालकांची एक बैठक घ्या. वर्गात कायम दोन मोठी माणसं असावीत, शक्यतो एक ताई आणि एक दादा, आणि दार उघडं असावं. मुलांशी फोनवर एकेकट्याने, रात्री-अपरात्री बोलू नका. काही कळवायचं ते गटावर कळवा आणि त्या गटावर पालकही असू द्या.

मुलं विश्वासाने मन मोकळं करतात. एखादं मूल आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल बोललं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावीच लागते. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. मंडळीची बदनामी होईल म्हणून गप्प बसायला सांगणारं कुणी भेटलं, तर त्याचं ऐकू नका.

पहिला महिना: डबा ठेवा

शाळा जूनमध्ये सुरू होते, आपणही तेव्हाच सुरू करावं. पहिले चार रविवार शिकवायची घाई करू नका. एक झाकणाचा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. चिठ्ठीवर नाव नको, अक्षर ओळखलं तरी ओळख दाखवायची नाही. माझ्या डब्यातून आलेले काही प्रश्न असे: "आजी ख्रिस्ती नव्हती, ती कुठे गेली?" "देवाला सगळं आधीच माहीत असतं तर प्रार्थना कशाला?" "येशूला राग यायचा का?" "मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन महिन्यांची होते, तो माझा निर्णय कसा?" या चिठ्ठ्या एका वहीत उतरवून ठेवा. तुमचा वर्षाचा आराखडा त्यातूनच निघेल.

काही पालकांना हा डबा आवडणार नाही. मुलांच्या मनात नसत्या शंका कशाला घालता, असं विचारतील. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातली. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. दुसरी पंडिता रमाबाईंची. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे 1883 साली झाला, पण त्याने त्यांचे प्रश्न मिटले नाहीत. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवपण, चमत्कार यांवर त्या वाँटेजच्या मठातल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून आडवे-उभे प्रश्न विचारत राहिल्या. सिस्टरना त्यात ताठा दिसे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायची तयारी नाही, असं रमाबाईंनी त्यांना स्वच्छ लिहिलं. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना धीराने उत्तरं दिली. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं.

गटातल्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे पाहताना मला रमाबाई आठवतात, आणि मी बील बाईंसारखं वागायचा प्रयत्न करते.

दुसरं पाऊल: शब्दांची धूळ झटका

आपल्या मराठी पवित्र शास्त्रातले शब्द मुलांच्या रोजच्या जगात वेगळ्याच अर्थाने फिरत असतात. हे लक्षात घेतलं नाही तर तुम्ही एक बोलता आणि मुलं दुसरंच ऐकतात.

"तारण" हा शब्द घ्या. मी एकदा विचारलं, तारण म्हणजे काय? आठवीतला मुलगा म्हणाला, "ताई, सोनं ठेवून कर्ज घेतात ते." बँकेच्या दारावर "सोने तारण कर्ज" अशी पाटी त्याने पाहिली होती आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मग मी विचारलं, "देव तारी त्याला कोण मारी" ही म्हण ऐकली आहे का? सगळ्यांनी ऐकली होती. त्या "तारी"पाशी आम्ही थांबलो. बुडणाऱ्याला काठाला आणणं. मग प्रश्न आपोआप आला, "आपण कशात बुडत होतो?" पापाबद्दल बोलायला याहून चांगलं दार मला अजून सापडलेलं नाही. थेट "तुम्ही पापी आहात" म्हणून सुरुवात केली, की पंधरा वर्षांचं मूल एक तर घाबरतं नाही तर कान बंद करतं.

"कृपा" हा शब्द त्यांना लग्नपत्रिकेतल्या "कृपाभिलाषी"मधून माहीत असतो. तिथून सुरू करता येतं, पण न मागता, न कमावता मिळालेल्या गोष्टीपर्यंत त्यांना न्यावं लागतं. परीक्षेचे गुण कमवावे लागतात, तापात आईने उशाशी जागून काढलेली रात्र कमवावी लागत नाही. मुलांना हे चटकन कळतं.

"खंडणी" सगळ्यात अवघड. मार्कच्या दहाव्या अध्यायाच्या पंचेचाळिसाव्या वचनात येशू म्हणतो की आपण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून जीव द्यायला आलो. आपल्या मुलांना खंडणी माहीत असते ती वर्तमानपत्रातली. गुंड दुकानदाराकडून उकळतात ती. एका मुलाने विचारलं, "मग येशूने खंडणी दिली कुणाला?" मला त्या दिवशी उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी सांगते म्हणाले आणि आठवडाभर वाचत बसले.

तेव्हा कळलं की त्या मुलाने मंडळीच्या इतिहासातला एक फार जुना वाद पुन्हा उघडला होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी दिलेली किंमत. चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी म्हणत की ती सैतानाला दिली, कारण माणूस त्याच्या कैदेत होता. त्यांचेच मित्र नाझियान्झसचे ग्रेगरी म्हणाले की लुटारूला देवाच्या पुत्राचीच किंमत मिळावी ही कल्पना संतापजनक आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अॅन्सेल्म यांनी हा विचार बाजूला ठेवून माणसाने देवाला द्यायचं राहिलेलं देणं ख्रिस्ताने फेडलं, अशी मांडणी केली. मी हे तिन्ही मुलांपुढे ठेवले आणि विचारलं, मार्कचं वचन नक्की कशावर भर देतंय? बराच वेळ बोलणं झालं. शेवटी आम्ही आधीच्या ओळीकडे गेलो. येशू सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आला, असं तिथे आहे. खंडणी कुणाच्या हातात पडली याचा हिशेब ते वचन देत नाही. सुटका झाली आणि ती स्वस्तात झाली नाही, एवढं ते ठामपणे सांगतं. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपांनाही हाच प्रश्न पडला होता हे ऐकून झालेला आनंद मला आजही आठवतो.

म्हणून उत्तर येत नसेल तर तसं सांगा. मात्र पुढच्या रविवारी उत्तर घेऊन या. हा दुसरा भाग चुकला तर मुलं पुन्हा विचारत नाहीत.

तिसरं पाऊल: मतांगीकार हाच अभ्यासक्रम

बाहेरून तयार पुस्तक आणायची गरज नाही. मतांगीकाराची एकेक ओळ एका रविवारी घ्या, मोठ्या ओळींना दोन-तीन रविवार द्या. जून ते फेब्रुवारी आरामात पुरतो. नाताळाच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की वर्ग बुडतो. तेव्हा "कुमारी मरीयेपासून जन्मला" ही ओळ तालमीतच घ्या, मरीयेचं काम करणाऱ्या मुलीला देवदूताला "हे कसं होईल?" असं विचारायला सांगा आणि तिथे थांबा. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना मोकळं सोडा.

सुरुवातीला एक कोडं घाला. येशू सोडून मतांगीकारात कोणकोणत्या माणसांची नावं आहेत? मुलं मनातल्या मनात म्हणून बघतात. उत्तर दोनच. मरीया आणि पंतय पिलात. मग विचारा, पेत्र नाही, पौल नाही, ज्याने येशूला मरणाच्या हवाली केलं त्याचं नाव आपण दर रविवारी का घेतो? हळूहळू मुलं स्वतःच म्हणतात, "म्हणजे हे खरंच घडलं, अमुक अधिकाऱ्याच्या काळात." इथे त्यांना सांगा की पिलात इसवी सन 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमी अधिकारी होता, आणि 1961 साली कैसरीयाच्या जुन्या नाट्यगृहाच्या उत्खननात त्याचं नाव आणि हुद्दा कोरलेला चुनखडीचा दगड सापडला. त्या दगडाचं चित्र दाखवा. लॅटिन अक्षरांत त्याचं नाव मुलांना स्वतः शोधू द्या. आपला विश्वास एका ठरावीक जागेवर, एका ठरावीक काळात घडलेल्या घटनेवर उभा आहे, हे त्या दगडाइतकं चांगलं मला सांगता येत नाही.

वर्ग एक तासाचा पुरे. पहिली दहा मिनिटं गाणं आणि डब्यातली एक चिठ्ठी, मग शास्त्रभाग मुलांनीच मोठ्याने वाचायचा, मग तुमचं बोलणं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. उरलेला वेळ त्यांचा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होतं, इतरांना हसू देऊ नका. दोन वेगळी मराठी भाषांतरं शेजारी ठेवली तर वेगळ्या शब्दांवरून चर्चा छान रंगते.

त्रैक्याचा रविवार

हा धडा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. पहिली तीन वर्षं मी पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण देत होते. एकच पाणी, तीन रूपं. एके दिवशी नववीतल्या मुलीने विचारलं, "ताई, येशू बाप्तिस्मा घेत होता तेव्हा आकाशातून कोण बोललं? पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ कसं असेल?" तिचं बरोबर होतं. एकच देव वेळेनुसार तीन वेश घेतो, हे मत तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने ओळखलं गेलं आणि मंडळीने ते नाकारलं. मी नकळत तेच शिकवत होते. एकच माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा बाप, हे उदाहरणही त्याच वाटेने जातं. अंड्याचं कवच, पांढरा बलक आणि पिवळा बलक म्हटलं, तर देवाचे तीन तुकडे होतात. तेव्हापासून मी उदाहरण देतच नाही.

त्याऐवजी असं करा. आधी उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद म्हणायला लावा. तो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी आहे, तिथे उघडून बघा. मग मत्तयच्या तिसऱ्या अध्यायातला येशूचा बाप्तिस्मा वाचा आणि विचारा, इथे कोण काय करतंय? पुत्र पाण्यात आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पिता बोलतोय. फळ्यावर त्रिकोण काढा. तीन कोपऱ्यांवर पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि मध्यभागी देव. कोपऱ्यांपासून मध्याकडे जाणाऱ्या रेघांवर "आहे" लिहा, कोपऱ्यांना जोडणाऱ्या बाजूंवर "नाही" लिहा. पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे. पिता पुत्र नाही, पुत्र आत्मा नाही, आत्मा पिता नाही. आणि देव एकच. ही आकृती मध्ययुगातल्या मंडळीत वापरात होती. मुलांना वहीत काढू द्या. कोडं सुटलं असं भासवू नका. या कुंपणाच्या आत राहून आपण देवाविषयी बोलतो, एवढंच सांगा.

इथे 325 सालच्या निकेयाच्या परिषदेची, म्हणजे अरियसचं मत नाकारणाऱ्या बिशपांच्या सभेची गोष्ट जरूर सांगा. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणत होता की पुत्र नव्हता असा एक काळ होता, म्हणजे पुत्र ही निर्मिलेली व्यक्ती. त्याचं मत गाण्यांतूनही पसरलं. गाण्यातून थिऑलॉजी आत शिरते, हे मुलांना त्यांच्या फोनमधल्या गाण्यांवरून लगेच पटतं. मग एक गाणं निवडा आणि त्यातल्या ओळी निकेयाच्या मतांगीकाराशी ताडून बघायला सांगा.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न हमखास येतो. "वर्गातला मित्र म्हणाला, म्हणजे तुमचंही दत्तासारखंच." मित्राच्या श्रद्धेबद्दल उणा शब्द काढू नका आणि मुलांनाही काढू देऊ नका. दत्त त्याच्यासाठी काय आहे, हे त्या मित्रालाच विचारायला सांगा. आपल्या बाजूने सांगायचं ते एवढं, की पित्याने निर्माण करायचं आणि पुत्राने राखायचं अशी कामाची वाटणी ख्रिस्ती विश्वासात नाही. योहानच्या पहिल्याच अध्यायात सर्व काही पुत्राच्या द्वारे झालं असं आहे. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. मराठी ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याच्या भक्तीबद्दल आदराने बोलावं, हा आपल्याला मिळालेला वारसा आहे.

दुःखाचा प्रश्न आला तर

दोन प्रसंग वेगळे ओळखा. एक मूल चर्चेसाठी विचारतं, "देव चांगला असेल तर वाईट का होतं?" दुसऱ्या मुलाचे वडील गेल्याच महिन्यात गेलेले असतात. शब्द तेच असले तरी दुसऱ्या मुलाला उत्तर देऊ नका. त्याच्या शेजारी बसा. पवित्र शास्त्रातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोलायला लागले आणि चुकले. "देवाला तो हवा होता म्हणून नेला" असं शोकात असलेल्या मुलाला सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्या मुलाने नंतर कित्येक महिने प्रार्थना केली नाही. कृपा करून असं बोलू नका, मंडळीतल्या दुसऱ्यांनाही बोलू देऊ नका.

गटाला तेरावं स्तोत्र द्या. सहाच वचनं आहेत. आधी तक्रार, मग मागणं, मग भरवसा. मुलांना याच घडणीत आपापलं स्तोत्र लिहायला सांगा, वाचून दाखवायची सक्ती नको. एखाद्याचं स्तोत्र तक्रारीवरच थांबलं, तर त्याला अठ्ठ्याऐंशीवं दाखवा. ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

विज्ञान आणि मित्र

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात उत्क्रांती आहे. मुलं शाळेत एक आणि इथे दुसरं ऐकून दोन डोकी घेऊन फिरतात. ख्रिस्ती लोकांमध्ये यावर मतभेद आहेत, हे लपवू नका. उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचा आणि विचारा, सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिले तीन दिवस कसले? हा प्रश्न ऑगस्टीन या थोर ख्रिस्ती विचारवंत बिशपाला पाचव्या शतकातच पडला होता. निसर्गाबद्दल अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने शास्त्राचं हसं करू नये, असंही तो बजावतो. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला धर्मबंधू होता, हे मुलांना फार आवडतं.

"आजी कुठे गेली?" या चिठ्ठीला मी दरवर्षी सारखंच उत्तर देते. न्याय करणारा देव आहे, तो आजीला माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो, आणि त्याने जगावर किती प्रीती केली ते आपण वधस्तंभावर पाहिलं आहे. याहून पुढचं सांगायचा अधिकार मी घेत नाही. तुमच्या पाळकांचं मत वेगळं असेल तर वर्गाआधी त्यांच्याशी बोला. मुलांसमोर वाद नको.

दृढीकरणाच्या आधी

फेब्रुवारीत काही मुलं दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायच्या विधीसाठी तयार असतात, काही नसतात. नसतील त्यांना घरच्यांच्या आग्रहाखातर ढकलू नका. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाईंनी मात्र तो आपल्या वेळेने, काही वर्षांनी घेतला. नवऱ्यामागे फरपटत त्या गेल्या नाहीत. ही गोष्ट मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकत्र बसवून सांगा.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाने मतांगीकारातली एक ओळ निवडायची आणि ती आपल्या शब्दांत, पाच-सहा वाक्यांत लिहायची. एका मुलीने "पापांची क्षमा" निवडून धाकट्या भावाशी झालेल्या भांडणाबद्दल लिहिलं होतं. दुसऱ्याने "शरीराचं पुनरुत्थान" निवडलं, कारण त्याचा काका अपंग होता. ही पानं पाळकांना वाचायला द्या. मग प्रश्नांची वही काढा, ज्या चिठ्ठ्यांना अजून उत्तर दिलेलं नाही त्यांच्यापुढे खूण करा, आणि जूनमध्ये त्यांच्यापासून सुरुवात करा.